रकान्यात न बसलेली मामी

मामी माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायची. अंगणात कुणी आलं की तिची नजर आधी पावलांवर जायची, मग गुडघ्यांवर, मग खांद्यांवर, आणि वेळ उरलाच तर चेहऱ्यावर. त्यामुळे तिला माणसं नावानं आठवत नसत. बाजारात कुणी रामराम घातला की ती क्षणभर गोंधळायची, मग त्याची चाल बघून म्हणायची, "आरं, तू त्यो डाव्या खुब्याचा! बरा हायेस नव्हं?" एका लग्नात तिनं नवरदेवाच्या बापाला भर मांडवात "उजवा घोटा, विहिरीत पडल्याला" असं ओळखलं होतं. तो बिचारा फेट्याचा शेमला सावरत "व्हय मामी" म्हणाला आणि सगळ्यांसमोर घोटा गोल फिरवून दाखवला.

कळंबच्या अलीकडे, हमरस्ता सोडून नदीच्या बाजूला आत गेलं की तिची वाडी. नदीच्या अल्याडच्या-पल्याडच्या दोन्ही तालुक्यांत ती 'हाडवाली मामी' म्हणूनच माहीत होती. मी तेव्हा नारायणगावात एका खासगी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचो. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात, म्हणून तिनं मला कायम 'फोटोवाले' अशी हाक मारली. तिची आठवण आली की मला गहिवरून वगैरे येत नाही. मला राग येतो. इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही, तेव्हा हे सगळं शांतपणे सांगता येईल असं वचन मी देत नाही.

आमची ओळख एका चिठ्ठीवरून झाली. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलणारा एक हमाल मनगट धरून आला आणि त्यानं वहीचा फाटका कागद पुढे केला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर होतं. "मनगट. अंगठ्याच्या बुडाशी. सरळ फोटो काडू नका, पंजा करंगळीकडं वळवून काडा." मी अर्थातच सरळ काढला. काही दिसलं नाही. मग गंमत म्हणून तिनं लिहिलं होतं तसा काढला, तर अंगठ्याच्या बुडाच्या छोट्या हाडात केसासारखी चीर. चिठ्ठी बघून आमचे डॉक्टर हसले. म्हणाले, "आता म्हशी राखणारी बाई मला अँगल सांगणार का?" मग ती फिल्म उजेडाला धरून त्यांनी मुकाट्यानं प्लास्टर घातलं. चिठ्ठी केराच्या टोपलीत गेली. ती मी काढून घेतली आणि पुढच्या रविवारी मामीच्या वाडीला गेलो.

तिला ही विद्या सासऱ्यानं दिली होती. तो तालमीतल्या पोरांची आणि शर्यतीच्या घाटात बैल पळवणाऱ्यांची हाडं बसवायचा. पोटच्या पोराला धीर नाही म्हणून त्यानं सुनेला शिकवलं. फुटलेलं कौल तो पोत्यात घालायचा, पोत्याचं तोंड बांधायचा आणि म्हणायचा, वरून चाचपून सांध जुळव. जुळलं असं वाटलं की पोतं फाडून बघायचं. "वरीसभर कौलंच जोडली," मामी सांगायची. "माझ्या सासूला वाटलं, म्हातारा आन् सून दोगंबी येडी झाली."

पण ती खरी थोर होती ती हात न लावण्यात. तिचं एक वाक्य मी नंतर पुष्कळ ठिकाणी वापरलं, तिचं नाव न घेता वापरलं, याची लाज वाटते. "हात लावायला शिकाया सा म्हैनं लागत्यात, फोटोवाले. हात कुठं लावू न्हाई ह्ये शिकाया जलम जातो." हाड कातडीबाहेर आलं असेल, जखम उघडी असेल, मानेला मार असेल, तर ती ओसरीवर टेकूसुद्धा द्यायची नाही. तिथल्या तिथे जीप थांबवून माणूस पुढे पाठवायची. लहान पोरांच्या कोपराबाबत तर ती रागानं लाल व्हायची. "कोपराला त्याल लावून चोळलं की कोपराचा दगड हुतो. मंग जलमभर त्या पोराचा घास तोंडापत्तुर जात न्हाई. चोळनाऱ्याचं काय जातंय?" हे वाक्य मी पुढे एका मोठ्या डॉक्टरांच्या व्याख्यानात ऐकलं, इंग्रजीत. तिथे टाळ्या पडल्या.

पट्टी बांधून झाली की ती माणसाला तासभर उठू द्यायची नाही. चहा द्यायची आणि दर थोड्या वेळानं त्याच्या बोटाचं नख दाबून सोडायची. पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी झालं पाहिजे. झालं नाही की बांबूच्या कामट्या सोडून पुन्हा पहिल्यापासून. घरी जाणाऱ्याला तिचा शेवटचा शब्द ठरलेला असे, "बोटं गार पडली, काळी पडली, मुंग्या आल्या, तर कातर घ्यायची आन् पट्टी कापायची. मला इचारत बसायचं न्हाई."

आणि तिच्या वह्या. शाळेच्या दोनशेपानी वह्या होत्या त्या. कोण आला, कुठून आला, काय झालं होतं, आपण काय केलं, पुढे काय झालं. काही पानांवर लाल पेन्सिलीनं एकच शब्द असे, "चुकले". असं पहिलं पान तिनं स्वतःहून मला दाखवलं होतं. पाठ दुखते म्हणून आलेल्या एका म्हातारीला ती तीन आठवडे चोळत राहिली, आणि निघालं काय, तर मणक्याचा क्षय. म्हातारीचे पाय गेले. "तवापासून फोटोशिवाय हात न्हाई," मामी म्हणाली. मी तोवर बरेच डॉक्टर जवळून बघितले होते. लाल पेन्सिल मी कुणाच्याच टेबलावर बघितली नव्हती.

दोन्ही तालुक्यांत हाडं बसवणारे, नस काढणारे, कंबर मोकळी करणारे पुष्कळ होते. काही जाणते, काही निव्वळ दांडगे. मामीच्या डोक्यात आलं की या सगळ्यांनी मिळून नियम करावेत आणि नियम पाळणाऱ्याला सरकारनं परवाना द्यावा. "न्हाव्याला दुकान असतंय, ड्रायव्हरला लायसन असतंय. मानसाचं हाड धरनाऱ्याला कायबी नको?" असा तिचा साधा प्रश्न होता. तिनं कळंबला देवळाच्या सभामंडपात सगळ्यांना बोलावलं. बारा-तेरा जण आले. मी कागद घेऊन कोपऱ्यात बसलो होतो.

तिनं नियम सांगितले. फोटो आधी. उघड्या जखमेला हात नाही. पट्टीनंतर तासभर नख बघायचं. नव्या माणसानं जुन्याजवळ दोन वर्षं बसल्याशिवाय एकट्यानं हाड धरायचं नाही. आणि झालेली चूक लिहून ठेवायची, पुढच्या बैठकीत वाचून दाखवायची. या शेवटच्या नियमावर मंडपात चुळबुळ झाली. बाजारपेठेत 'गॅरंटीने हाड बसवून मिळेल' असा हातभर बोर्ड लावणारा एकजण होता. त्याला सगळे ग्यारंटीवालाच म्हणत. तो उठून म्हणाला, "मामी, आपल्या चुका आपुनच वाचायच्या? तुमी आमच्या पोटावर पाय देताय राव."

"मंग काय मानसाच्या मोडक्या हातावर देऊ?" मामी म्हणाली.

तो उठून गेला. त्याच्या मागोमाग आणखी चार-पाच गेले. डोंगरातल्या गावातून पहाटे निघून चालत आलेला एक म्हातारा मात्र शांत बसून होता. तो एवढंच म्हणाला, "ह्या बाईचं खरं हाय. कुठं टेकवायचा आंगठा?" सात जण उरले. सात नावं, त्यातली चार अंगठ्यांची. अर्ज मी लिहिला. पहिलं नाव मामीचं, पूर्ण पत्त्यासह, माझ्या चांगल्या अक्षरात. त्या चांगल्या अक्षराचं पुढे काय झालं ते सांगतोच.

अर्ज घेऊन आम्ही एका सरकारी कचेरीत गेलो. कुठल्या ते लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली आणि विचारलं, "हे कुठल्या रकान्यात बसतं? डॉक्टर नाही. वैद्य नाही. नर्स नाही. दाईसुद्धा नाही."

"रकाना नसंल तर नवा काडा की साहेब," मामी म्हणाली. "पट्टी न्हाई का तुमच्याकडं?"

साहेबांना विनोद कळला नाही. मामी म्हणाली, "बरं, माजी परीक्षा घ्या. धा मानसं बशिवा. काय मोडलंय, काय न्हाई, सांगते. चुकले तर घरी जाते."

"परीक्षेला अभ्यासक्रम लागतो, बाई."

"त्यो कोन करतं?"

"मान्यताप्राप्त लोक."

"आन् मान्यता कुनाला मिळती?"

"परीक्षा पास होणाऱ्याला."

मामी माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, मधलं काहीतरी तिला ऐकू आलं नसावं. पण तिला सगळं नीट ऐकू आलं होतं. त्या कचेरीत आम्ही तीन वर्षांत किती वेळा गेलो ते मला आठवत नाही. साहेब तीन बदलले. रकाना कुणीच आखला नाही. अर्ज मात्र कचेरीनं जपून ठेवला होता.

आमच्या डॉक्टरांबद्दल लिहायचं टाळणार होतो, पण टाळत नाही. ओपीडीत ते मामीला 'हाडं मोडणारी' म्हणायचे आणि पेशंट हसायचे. त्यांच्याच आईचा खांदा आखडला, हात कानापर्यंत जाईना, तेव्हा औषधं झाली, शेक झाला, पुण्याच्या फेऱ्या झाल्या आणि मग एका दुपारी त्यांची गाडी मामीच्या वाडीत उभी राहिली. पुढच्या दारानं नाही, गोठ्याकडून. मामीनं आधी फोटो मागितला. दोन महिने रोज थोडा थोडा करून तिनं तो खांदा सोडवला. म्हातारीनं स्वतःची वेणी स्वतः घातली त्या दिवशी मामी डॉक्टरांना म्हणाली, "दुसरं काय नको साहेब. दोन वळी लिवून द्या, की ही बाई फोटोबिगर हात लावत न्हाई. अर्जाला जोडते."

"बघू," डॉक्टर म्हणाले. त्या दोन ओळी त्यांनी कधीच लिहिल्या नाहीत. मी त्यांना दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा दिली नाही, कारण मला नोकरी टिकवायची होती.

मग ती मुलगी आली. डोंगराकडच्या वाडीतली, आठ-नऊ वर्षांची, हिरडे गोळा करताना झाडावरून पडलेली. बापानं तिला आधी बाजारात ग्यारंटीवाल्याकडे नेलं. त्यानं फोटो मागितला नाही, कचकचून पट्टी आवळली आणि आठ दिवस सोडू नका म्हणून सांगितलं. पोर रडायची तेव्हा घरचे म्हणायचे, हाड जुळतंय म्हणून दुखतंय. चौथ्या दिवशी तिचं रडणं थांबलं. बापाला बरं वाटलं. पाचव्या दिवशी वास यायला लागला, तेव्हा तो तिला मामीकडे घेऊन आला.

मी त्या दिवशी योगायोगानं तिथे होतो. मामीनं पोरीच्या बोटांकडे बघितलं आणि कात्री आणली. पट्टी कापताना तिचे हात स्थिर होते, तोंडातून मात्र आईबहिणीवरून शिव्या चालल्या होत्या. मी तिला शिवी देताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पट्टी सुटल्यावर ती पुढे काहीही करायला गेली नाही. हमरस्त्यावर जाऊन जीपपुढे आडवी उभी राहिली आणि बापलेकींना पुण्याला पाठवलं. पोरीचा हात कोपराखालून काढावा लागला.

पेपरात बातमी आली, 'हाडवैद्यामुळे बालिकेने हात गमावला'. कोणता हाडवैद्य ते नव्हतं. वरून आदेश सुटले. ग्यारंटीवाल्यानं रातोरात बोर्ड उतरवला आणि तो पाहुण्यांच्या गावी गेला. त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. दोन्ही तालुक्यांतल्या हाडवैद्यांची सरकारदरबारी एकच यादी होती. सात नावांची. पहिलं नाव मामीचं, पूर्ण पत्त्यासह, माझ्या चांगल्या अक्षरात.

सरकारी जीप आली, पंचनामा झाला. कामट्या, कापूस, तेलाची बाटली, सगळं पोत्यात भरून नेलं; वह्या तेवढ्या शाळेच्या समजून सोडल्या. मामी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती, "त्या पोरीला मी पाठिवली पुन्याला. इचारा तिच्या बापाला." पोरीचा बाप तेव्हा पुण्यात दवाखान्याच्या दारात बसला होता. त्याला कुणी विचारलं नाही. अर्जावरच्या इतरांनी सांगितलं की कागद कशाचा होता हे आपल्याला माहीतच नव्हतं. डोंगरातला म्हातारा तेवढा तहसीलपर्यंत चालत येऊन म्हणाला, "मला बी धरा." त्याला शिपायानं हाकलून दिलं.

खटला उभा राहिला. मामीचा मुलगा घाबरट, पण वाईट नव्हता. त्यानं वकील दिला. मी वकिलाकडे गेलो आणि ताठ मानेनं म्हणालो, "मी साक्ष देतो. ही बाई प्रत्येकाला आधी एक्स-रेला पाठवायची. माझ्या रजिस्टरमध्ये शेकडो नोंदी आहेत. शिवाय तिच्या वह्या आहेत. असं चोख काम तालुक्यात दुसऱ्या कुणाचं नाही."

वकिलानं चष्मा काढला. "वेडे आहात का? परवान्याशिवाय उपचार करते हाच तर गुन्हा आहे. तुमचं रजिस्टर म्हणजे शेकडो गुन्ह्यांचा पुरावा. चोख केला की वाईट केला, हे कोर्ट विचारणारच नाही. तुम्ही या खटल्यात अजिबात दिसायचं नाही. आणि त्या वह्या कुणाला दाखवू नका."

म्हणजे तिनं हयगय केली असती, काही लिहिलं नसतं, कुणाला फोटोला पाठवलं नसतं, तर ती जास्त सुरक्षित होती. मी त्या वकिलावर चिडलो, पण तो बरोबर होता. मी गप्प बसलो. मुलगा गप्प बसून थांबला नाही. त्यानं त्या संध्याकाळी सगळ्या वह्या पाणी तापवायच्या बंबात घातल्या.

मामीला दुसऱ्या दिवशी कळलं. मी गेलो तेव्हा ती बंबातली राख पाटीत काढून बसली होती. मुलगा म्हणाला, "आई, तुला वाचवायला केलं मी." ती म्हणाली, "माज्या चुका जाळल्यास व्हय रं? आता फुडच्या मानसाला कशावरनं कळंल, कुठं हात लावू न्हाई त्ये?" मुलगा रडायला लागला. ती रडली नाही. मला वाटतं तिच्यात काही तुटलं असेल तर ते तेव्हा तुटलं. बाकी सगळं नंतरचं.

खटला अनेक वर्षं रेंगाळला. तारखेला मामी यष्टीनं जायची, बाकावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल बघायची. मधल्या काळात दाराशी आलेल्या प्रत्येकाला ती परत पाठवत होती, वकिलाची सक्त ताकीद होती. साक्षीदार एकही टिकला नाही. एकाही पेशंटनं तिच्याविरुद्ध तोंड उघडलं नाही. "मामीनं खांद्याला त्याल लावलं आसंल, आपली म्हनून," असं म्हणून जो तो मोकळा झाला. प्रत्येकजण प्रेमापोटी खोटं बोलला.

शेवटी निकाल लागला आणि ती सुटली. वकिलानं निकालपत्र माझ्या हातात दिलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर मामीनं ते मला वाचायला लावलं. "आरोपी ही कोणताही वैद्यकीय अथवा तत्सम व्यवसाय करीत होती, असे सिद्ध होत नाही. आरोपी ही घरकाम करणारी वृद्ध स्त्री आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे सुटलात मामी."

"त्ये न्हाई इचारलं. ह्ये काय लिवलंय त्ये सांगा. मी काय करतच नव्हते, आसं लिवलंय का?"

मी हो म्हणालो.

तिनं तो कागद माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "ह्येच्यावर वरच्या कोर्टात जाता येतंय का?"

"सुटल्यावर कसलं अपील, मामी?"

"खोटं लिवलंय की पर."

वकील हसला. पुढे कितीतरी दिवस तो हा किस्सा बाररूममध्ये रंगवून सांगत होता, असं मला कळलं.

निकालानंतर सहा-आठ महिन्यांत बाजारपेठेत ग्यारंटीवाल्याचा बोर्ड परत लागला. आता तो आधीपेक्षा मोठा होता आणि खालच्या कोपऱ्यात रंगाऱ्याकडून 'रजि.' अशी दोन अक्षरं घालून घेतली होती. कुठलं रजिस्टर, कुणी विचारलं नाही. आमच्या हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर हातानं सांधे मोकळे करायचा नवा विभाग सुरू झाला. उद्घाटनाच्या भाषणात डॉक्टर म्हणाले की आपल्या ग्रामीण भागात या कामाची परंपरा दुर्दैवानं अशिक्षित लोकांच्या हाती राहिली. मी मागच्या रांगेत उभा होतो. उठून जायला हवं होतं. नाही गेलो.

त्याच वर्षी ओझरहून येताना माझी मोटारसायकल खडीवरून घसरली आणि मी डाव्या हातावर पडलो. मनगट सुजलं. मी सरळ मामीच्या वाडीला गेलो, फोटो स्वतःच काढून, दोन बाजूंनी, सोबत घेऊन. ती ओसरीवर बसली होती, खूप वाळली होती. मी फिल्म पुढे केली. तिनं ती घेतली नाही.

"मामी, एवढं बघा ना. तुमच्याशिवाय कुणाकडे जाऊ?"

"दवाखान्यात जावा, फोटोवाले. मी कायबी करत न्हाई. कोर्टानं लिवून दिलंय."

"मामी, कुणाला कळणार नाही."

"मला कळंल ना," ती म्हणाली. "लपून करायचं आसतं तर अर्ज कशाला केला आसता?"

तिनं मला पाणी दिलं, मुलाला हाक मारून जीपपर्यंत सोडायला सांगितलं आणि पुन्हा बसली. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. ती माझ्या सुजलेल्या मनगटावरून नजर काढत नव्हती, आणि पदराच्या आत तिची बोटं हलत होती. सावकाश, एकेक हाड चाचपत, सांध जुळवत. मुलगा जीप आली म्हणून हाक मारेपर्यंत मी ते बघत उभा होतो. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.